कॉलेज बघताना पूलची हवाही बघा

संपादक महोदय,
लेकीला दमा आहे तरी ती स्पर्धेत पोहते, बारावीनंतर ख्रिश्चन कॉलेजातच जायचं म्हणते म्हणून बेळगावहून रात्रीच्या गाडीने बंगळूर गाठलं. एका ठिकाणी चॅपल (प्रार्थनाघर), हॉस्टेल सगळं छान दाखवलं पण इनडोअर पूलपाशी गेलो आणि पोरीला खोकल्याची उबळच आली, खिडक्या सगळ्या बंद! क्लोरीन घाम-लघवीत मिसळून क्लोरामाइन होतं, तेच छातीला लागतं. दम्याच्या पंपाचं (इनहेलरचं) विचारलं तर कोच म्हणाले डोपिंग होईल, म्हणजे बंदी असलेलं औषध घेतल्यासारखं. अहो, सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा पंप डोपिंगच्या नियमात 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, 8 तासांत 600 च्या वर नको एवढंच. दमा असूनच अमेरिकेची जलतरणपटू अ‍ॅमी व्हॅन डायकननं 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये 4 सुवर्णं जिंकली. पालकांनो, प्रार्थनेची वेळ विचारता तशी पूलची हवाही विचारा.
– एक आई, खानापूर