महागाईचे खापर आमच्या दीड हजारावर का?

महोदय,

लाडक्या बहिणींना पैसे वाटले म्हणून बाजार चढला, असे कालच्या अंकात वाचले आणि राहवले नाही. एकाच वेळी गावभर पैसे जमा झाले की साडी-बांगडीवाले थोडेफार भाव चढवत असतीलही. पण रोजच्या किराण्याचे काय?

तेलाचेच घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावर २० टक्के आयात शुल्क बसवले, रिफाइंडवरचे साडेबारावरून साडेबत्तीस टक्क्यांवर नेले. तेही दिवाळीच्या तोंडावर. देशाला लागणारे निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते, मग पिशवी महागणारच. त्यात आमचा काय दोष? आणि हे म्हणे सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता. माझ्या भावाला क्विंटलला चार हजारसुद्धा धड पडले नाहीत, ओल जास्त आहे म्हणून व्यापाऱ्याने आणखी घट धरली ती वेगळीच. सोयाबीन मातीमोल गेले आणि वहिनी तेल मात्र चढ्या भावाने आणत होती.

आता त्या पैशांचे सांगते. पहिल्यांदा दोन महिन्यांचे मिळून तीन हजार जमा झाल्याचा मेसेज आला. मुलीच्या क्लासची फी भरायची म्हणून बँकेत गेले, तर निम्मेही हाती आले नाहीत. खात्यात किमान शिल्लक नव्हती, त्याचा मागचा सगळा दंड वळता करून घेतला होता. पासबुकात एकाखाली एक नुसत्या 'चार्जेस'च्या ओळी. हे पैसे कापू नका, असे सरकारने बँकांना बजावले होते. तसे सांगितल्यावर साहेब म्हणाले, लेखी आदेश आणा. शिलाईकाम करणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा? फी शेवटी उसनवारी करून भरली. कापलेले पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

निवडणुकीत २,१०० रुपये देऊ म्हणाले होते, मिळतात ते १,५०० च. मधल्या काळात, २५ जानेवारी २०२५ पासून, एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. आम्हाला अर्धे तिकीट आहे, पण तासगावहून रोज सांगलीला कामाला जाणाऱ्या आमच्या मालकांना पूर्णच पडते. एवढे भाडे घेता तर संध्याकाळची गाडी तरी वेळेवर सोडा.

संपादकसाहेब, आपला बातमीदार एकदा तालुक्यातल्या बँकांत पाठवा आणि किती जणींचे पैसे असे कापले गेले, ते छापा.

आपली,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)