पेडल ‘वर घेणे’ म्हणजे ब्रेकची दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या केज, माजलगाव, अंबाजोगाई भागातील गॅरेजांसमोर जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागते. टायर, क्लच, ट्रॉलीचे पाटे, हूक यांवर मालक हात सैल सोडून खर्च करतो. ब्रेकच्या वाट्याला मात्र बहुधा एक पाना आणि पाच मिनिटे येतात. ब्रेक कमी लागतो असे सांगितले की मिस्त्री पेडल आणि ब्रेक यांना जोडणाऱ्या दांडीवरचा (लिंकवरचा) नट ढिला करतो, दोन आटे फिरवून पेडल वर घेतो आणि गाडी सोडून देतो. या सवयीबद्दल, आणि तिच्यापायी मी स्वतः केलेल्या चुकीबद्दल, हे पत्र लिहीत आहे.

माझा ट्रॅक्टर वीस वर्षांचा असून त्याचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या कोरड्या डिस्कचे आहेत. मागील हंगामाआधी त्याचा डावा ब्रेक कमी धरू लागला, तेव्हा मी दोनदा पेडल वर घेऊन घेतले आणि निर्धास्त झालो. पुढे एके सकाळी गावाजवळच्या ओढ्याच्या उतारावर, मागे अर्धी भरलेली एकच ट्रॉली असताना, डाव्या व उजव्या चाकाच्या ब्रेकची एकमेकांना जोडलेली दोन्ही पेडले दाबली; उजवे चाक जागच्या जागी धरले, डावे फिरतच राहिले आणि ट्रॅक्टर तोंड फिरवून उजवीकडच्या बांधावर चढला. वेग नव्हता म्हणून पुढच्या एक्सलवर निभावले.

नंतर दुसऱ्या मिस्त्रीकडून डाव्या ब्रेकचे हाऊसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, उघडून घेतले. डिस्कवरचे अस्तर निम्म्याहून अधिक शिल्लक होते, पण ते गिअर ऑइलने काळे आणि चकचकीत झाले होते, आणि हाऊसिंगच्या तळाशी तेल व धूळ यांचा बोटभर चिखल साचला होता. अशा डिस्कचे पेडल कितीही वर घेतले तरी ती काय धरणार? डिफरन्शियलकडून, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांकडून, ब्रेककडे येणाऱ्या शाफ्टवर तेल अडवणारे जे ऑइल सील असते, त्याची कड झिजली की आतले तेल थेट डिस्कवर येते. म्हणजे ब्रेकचा दोष ब्रेकमध्ये नव्हताच.

शंभर-दोनशे रुपयांचे नवे सील ठोकूनही काम संपत नाही, हे मला त्या मिस्त्रीने दाखवले. शाफ्टवर सील जिथे घासते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती; तिच्यावर नवे सील महिनाभरही टिकत नाही. बेअरिंगला खेळ असेल तर शाफ्ट थरथरतो आणि सील कापले जाते. शिवाय मागच्या हाऊसिंगचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र, आमच्या काळ्या मातीने बुजलेला होता. तेल तापले की आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही, मग तो सीलमधून वाट काढतो. तेल भिनलेली डिस्क पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारेही पुष्कळ आहेत. ती गरम झाली की आत मुरलेले तेल परत वर येते, म्हणून ती बदललीच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची एकदमच, नाहीतर एक चाक आधी धरते.

या ब्रेकमध्ये दोन लोखंडी तबकड्यांच्या मधल्या तिरप्या खाचांत पोलादी गोळ्या असतात. पेडलची ओढ बसली की तबकड्या उलटसुलट फिरतात, गोळ्या खाचेच्या चढावर येतात, तबकड्या फाकतात आणि डिस्क दाबली जाते. पावसाळाभर चिखलात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या या खाचांना गंज चढून खड्डे पडतात. मग गोळी वर चढते, पण परत येत नाही, आणि ब्रेक धरूनच राहतो. हे केवळ उघडून पाहिल्यावरच कळते. उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. काम झाल्यावर दोन्ही पेडले जोडून मोकळ्या, सपाट रानात हळू वेगात ब्रेक दाबावा व उतरून मातीत पाहावे. दोन्ही चाकांचे घसरल्याचे ओरखडे सारख्या लांबीचे दिसले पाहिजेत.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो. तो दिवस हंगामाच्या अगदी आधी येतो, हे सोयीचेच आहे. पण हाऊसिंगचे चार बोल्ट त्या दिवशीही कोणी सोडत नाही.

शेतीचा ट्रॅक्टर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बिगर-वाहतूक वाहन ठरतो. त्यामुळे नोंदणीची पहिली १५ वर्षे त्याला ट्रकसारखी ठरावीक काळाने फिटनेस तपासणी नसते, आणि हाच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत मांजरसुंब्याचा किंवा येडशीचा घाट उतरतो. त्याचे स्वतःचे वजन जेमतेम दोन टन, ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि मागच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. सरकारने नवे नियम करावेत, असे माझे म्हणणे नाही. साखर कारखाने वाहतुकीचा करार करताना मालकाकडून कागदपत्रे घेतातच. त्याच वेळी ब्रेक उघडून पाहिल्याची एका जाणत्या मिस्त्रीची सही मागावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कारखान्याच्या आवारात अशी शिबिरे घेता येतील. मात्र ती दसऱ्याच्या आधी व्हावीत. एकदा कारखान्यात मोळी पडून गाळप सुरू झाले की ट्रॅक्टर अर्धा दिवससुद्धा उभा करायला कोणी तयार होत नाही, आणि मीही झालो नव्हतो.

आपला,
एक ट्रॅक्टरमालक शेतकरी, ता. केज, जि. बीड