केसपेपर खिडकीवरच्या दादांचे आणि मावशींचे आभार

मागच्या सोमवारी आईला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी, अशी दोनदा साखर तपासायची होती. पोचलो तर सर्व्हर बंद. मोबाईलवर क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, तेही अडलेलं. केसपेपरची रांग पार पायऱ्यांपर्यंत. रक्त घ्यायची खिडकी अकराला बंद होते आणि डायबेटिसचं माणूस उपाशी उभं! आईला घाम फुटायला लागला.

तेवढ्यात खिडकीवरचे दादा बाहेरच आले. जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लाल पेनाने नंबर घातले, शिक्का मारला आणि रांगेत ज्याच्या-त्याच्या हातात चिठ्ठी दिली. "बसा आता, नंबर पुकारतो." रांग मोडली, पण क्रम नाही मोडला. उपाशी आलेल्यांची नावं वेगळी काढून त्यांचे केसपेपर त्यांनी हातानेच लिहिले. (हे रोजच का होत नाही, असं मनात आलंच.)

रक्त दिल्यावर आईला चक्कर आली. कँटीनला अजून वेळ होता. तिथल्या निळ्या साडीतल्या मावशींनी स्वतःचा डबा उघडला, पोळी-भाजी तिच्यापुढे ठेवली आणि घड्याळ बघून केसपेपरच्या कोपऱ्यात वेळ लिहून दिली, दुसऱ्या रक्तासाठी. आई नको म्हणाली तर म्हणाल्या, "खा गं बाई, मला अजून भूक नाय."

गडबडीत दोघांचीही नावं विचारायची राहिली. दादा, मावशी, मनापासून आभार. आईची साखर आता आटोक्यात आहे आणि मावशी, तुमची मेथीची भाजी तिला फार आवडली.