रिपोर्ट तिचा, चर्चा मात्र दाराबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जागृती महिन्यानिमित्त आपण काढलेली आरोग्य पुरवणी वाचली. लस कोणत्या वयात घ्यावी, तपासणी कुठे होते, अंगावरून जाणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे अंगावर का काढू नये, हे सगळे नीट आले आहे. फक्त बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यानंतर काय, याचे पान त्यात नाही. देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा एकच कर्करोग नव्याने सापडतो. पिशवीच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा वेगळा. नोकरीची बरीच वर्षे मी स्त्रियांच्या कॅन्सर वॉर्डात परिचारिका होते, म्हणून त्या राहिलेल्या पानाविषयी लिहिते.

रिपोर्ट येतो तो मुलाच्या नाहीतर मालकांच्या हातात. डॉक्टरांना दाराबाहेर गाठून ते सांगतात, "आईला काही बोलू नका, ती हाय खाईल." गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनाही हे सोयीचे पडते. बाई आत बाकड्यावर बसलेली. "गाठ आहे, काढू," किंवा "सूज आहे, औषध द्यावं लागेल," एवढे तिच्या कानावर घालतात. तिला खरे तर सगळे कळलेले असते. दारावरची पाटी वाचता आली नाही तरी शेजारच्या खाटेवरची बाई सांगतेच. मग घरचे तिच्यापासून लपवतात आणि आपल्याला कळले आहे हे ती घरच्यांपासून लपवते. या लपवाछपवीत तिला जे विचारायचे असते ते विचारायचे राहून जाते आणि संमतीपत्रावर अंगठा तेवढा उमटतो.

कुणी म्हणेल, कळून तरी ती काय करणार, उपचार तर डॉक्टरच ठरवणार. पण ठरवण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्याचा पुरावा आपल्याच परळमध्ये आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातला एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखातून फार लांब न पसरलेला कर्करोग असलेल्या 635 बायका त्यात होत्या. एका गटाला आधी किमो देऊन मग शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किमो आणि रेडिएशन एकत्र. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, 75 टक्क्यांच्या आसपास. आजार न उलटता राहिलेल्या मात्र रेडिएशनच्या गटात जास्त होत्या: 76.7 टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात 69.3. त्यामुळे या टप्प्यावर किमो-रेडिएशनच घ्या, हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. उपचार संपून दोन वर्षे झाल्यावर किंवा त्यानंतरही योनिमार्गाचा त्रास राहिलेल्या बायका शस्त्रक्रियेच्या गटात 12 टक्के होत्या आणि रेडिएशनच्या गटात 25.6 टक्के. हा त्रास म्हणजे मार्ग आखडणे, कोरडा पडणे, नवऱ्याजवळ जाताना दुखणे, पुढे तपासणीच्या वेळीसुद्धा जीव जाणे. यावर अगदीच उपाय नाहीत असेही नाही. मार्ग आखडू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत नळी, म्हणजे डायलेटर असतो, जेल असते, पण ते वेळेवर आणि समजावून सांगावे लागते. किती वॉर्डांत सांगतात? पस्तिशीतल्या बाईला हा विषय मोठा वाटेल, पासष्टीच्या आजींना कदाचित वाटणार नाही. पण आजींच्या वतीने तेही आपणच ठरवून टाकायचे का?

पेशंटला हवे ते द्या, असे मात्र मी म्हणत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचेच बघा. पोटावर छोटे छेद, लवकर घरी. कुणालाही तीच हवीशी वाटणार. पण गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2018 मध्येच आला. साडेचार वर्षांनी आजाराशिवाय राहिलेल्या बायका उघड्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के होत्या, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत 86. अशा वेळी पेशंटने दुर्बीण मागितली तरी डॉक्टरांनी हे आकडे तिच्यासमोर ठेवून "मी सुचवणार नाही" असे म्हटले पाहिजे. दोघांनी मिळून ठरवायचे म्हणजे डॉक्टरांनी गप्प बसायचे असे थोडेच आहे!

मूल हवे असलेल्या तरुण मुलींचा प्रश्न तर वेळेचाच असतो. अंडाशय रेडिएशनच्या वाटेतून वर सरकवून ठेवता येतात, पिशवीच्या अस्तराच्या अगदी सुरुवातीच्या आजारात काही जणींना आधी हार्मोनची औषधे देऊन पाहता येतात. पण हे उपचार सुरू होण्याआधी विचारले तर! नंतर विचारून काय उपयोग?

आणि निर्णय फक्त औषधांचा नसतो. बाहेरून रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे चालते. मग आतले रेडिएशन. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत उरकावे लागते, लांबले तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. माण तालुक्यातल्या एक बाई मध्येच निघून गेल्याचे मला आठवते. ज्वारी काढणीला आलेली, मुलगी दहावीला, घरी बघायला कुणी नाही. नोंदवहीत शेरा पडला, "पेशंटने स्वतःहून उपचार सोडले." राहणार कुठे, घरी कोण, सुगी कधी, हे पहिल्या दिवशी कुणी विचारले असते तर तारखा मागेपुढे करता आल्या असत्या किंवा धर्मशाळेची सोय बघता आली असती. सरकारी योजनेत उपचारांचे पैसे बसले की सगळे बसले असे आपण धरून चालतो.

कायद्याने हा प्रश्न कधीच सोडवला आहे, असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. फक्त दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून भूल दिलेल्या 44 वर्षांच्या बाईची पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढण्यात आले होते, तेही बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेले नसताना सज्ञान, शुद्धीवर येणार असलेल्या बाईच्या वतीने आईलासुद्धा संमती देता येत नाही. भरपाई 25 हजार रुपयेच मिळाली, पण तत्त्व पक्के झाले.

तरीही भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत आजही लिहिलेले आहे की वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांची संमती हवी. कागदावर हा नियम दोघांना सारखाच लागू आहे. वॉर्डात त्याचा अर्थ एकच होतो, "मालक आल्याशिवाय ऑपरेशन नाही." मालक सुरतेला कामाला असोत नाहीतर दहा वर्षांपासून वेगळे राहत असोत. कर्करोगाची पिशवी काढायला नांदत नसलेल्या नवऱ्याच्या सहीची वाट पाहत बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. 2023 मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले खरे, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. या एका वाक्याविषयी आपल्या खासदारांपैकी कुणी तरी प्रश्न विचारावा.

बीडचा विषय वाचकांच्या स्मरणात असेल. 2019 च्या सरकारी पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या अनेकींना "नाही काढली तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती. तिथे नसलेल्या कॅन्सरचे नाव सांगून सही घेतली आणि आमच्या वॉर्डात असलेल्या कॅन्सरचे नाव न सांगता. बाईला विचारायचे नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

डॉक्टरांची अडचण मला ठाऊक आहे. एका सकाळी ओपीडीत शंभरावर पेशंट, त्यात प्रत्येकीशी अर्धा तास कोण बोलणार? पण बोलायला डॉक्टरच कशाला हवेत? निर्णयाचा गाभा त्यांनी सांगावा आणि उरलेले समजावण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवा विभागातली व्यक्ती नेमावी. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोलावे. तिला आधी विचारावे, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" काही जणी म्हणतील, "डॉक्टर, तुम्हीच ठरवा, मला नका सांगू." ठीक आहे, तसे करा. पण हे तिच्या तोंडून येऊ द्या, तिच्या मुलाच्या नको. आणि संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, उपाशी ठेवलेल्या पेशंटपुढे धरण्याची पद्धत बंद करा. चार दिवस आधी मराठीत छापलेला कागद घरी न्यायला दिला तर वाचून दाखवणारी पुतणी किंवा सून बहुतेक घरांत असते.

आपल्याला एक विनंती आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. आजाराची आणि उपचारांची माहिती मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क त्यात आहे. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या दवाखान्यांत एकदा फिरून तो फलक कुठे लावला आहे, कोणत्या भाषेत आहे आणि बाकड्यावर बसलेल्या बाईला तिथून वाचता येतो का, एवढे पाहावे आणि छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सातारा