सामील होणे आणि विलीन होणे

संपादक महाशय,

संस्थानांविषयी लिहिताना इंग्रजीतील ‘अ‍ॅक्सीड’ आणि ‘मर्ज’ या दोन्ही क्रियापदांसाठी सर्रास ‘विलीन होणे’ असे छापले जाते, हे मला फार खटकते. ‘अ‍ॅक्सीड’ म्हणजे सामील होणे. १९४७ च्या सामीलनाम्यावर सही करताना संस्थानिकांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे सोपवले. बाकीचा कारभार त्यांच्याच हाती राहिला. ‘मर्ज’मध्ये मात्र वेगळे अस्तित्वच उरत नाही. कोल्हापूर संस्थान भारतात सामील झाले १९४७ साली, पण मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. ‘सामीलनामा’ हा इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना तो जरूर वापरावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक