लेबलवर आईचं नाव

आदरणीय सर,

किडे ओळखून देणाऱ्या तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं सर.

खरड छाटणीनंतर नाशिकजवळच्या आमच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेत पानं रुपेरी पडायला लागली, तेव्हा मी आधी औषधाच्या दुकानात पळालो. मोबाईलमधला फोटो नीट न बघताच उत्तर मिळालं, "कोळी आहे." दुसऱ्याकडे तुडतुडे ठरले. तिसऱ्या साहेबांनी थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, सांगितलं खरं, पण कोणता थ्रिप्स विचारलं तर म्हणाले, "थ्रिप्स म्हणजे थ्रिप्स, त्यात काय जातपात बघायची?" प्रत्येकाच्या नावाने एकेक फवारणी झाली. आठ दिवस बाग बरी दिसायची, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उधारी वाढली ती वेगळीच.

मग तुम्ही आलात. स्कूटर लावलीत आणि बागेकडे न बघता विचारलंत, "बांधावर काय काय आहे?" खोटं कशाला बोलू, मला वाटलं सर वेळ काढतायत. मी जांभूळ, बदाम, दोन गुलाब असं मोजत होतो, तेवढ्यात ओट्यावरून आई बोलली, "बदामाला आधी लागलं. छाटणीच्या आधीच म्हटलं होतं मी याला." म्हटलं होतं तिने. मी त्यावर "बदामाचं काय घेऊन बसलीस" म्हणालो होतो, तेही तिने तुम्हाला सांगितलं.

तुम्ही हसला नाहीत. मला तिथेच सोडून तिच्याबरोबर बांधावर गेलात. तिने दाखवलेलं पान उलटं केलंत, भिंग आधी तिच्या हातात दिलंत. पानाच्या पाठीवर विष्ठेचे काळे ठिपके, एकदोन मिलिमीटरचे काळपट किडे आणि त्यांच्यात फिकट पिल्लं. "यांना एकच जबडा असतो, डावा. त्याने भोक पाडायचं आणि रस ओढायचा," असं तुम्ही म्हणालात आणि आईने लगेच आपला दुखरा डावा गाल धरला. तिची दाढ तेव्हा ठणकत होती.

कढीपत्त्यावर एक काळा किडा सापडला तेव्हा मी घाईने म्हटलं, इथेही आहेच की. तुम्ही म्हणालात, "हा पाहुणा. पिल्लं दिसली तर घर म्हणायचं." तेवढं एक वाक्य माझ्या तीन फवारण्यांपेक्षा उपयोगी पडलं. बदामावर पिल्लं, जांभळावर पिल्लं, गुलाबावर पिल्लं. आम्ही सासर धुऊन काढत होतो आणि किड्याचं माहेर बांधावर शाबूत होतं.

चार दिवसांनी फोन आला: ऱ्हिपिफोरोथ्रिप्स क्रुएंटाटस. आईला ते नाव अजून येत नाही, मलाही लिहून ठेवावं लागलं. १९१९ साली हूड नावाच्या शास्त्रज्ञाने ते ठेवलं आणि क्रुएंटाटस म्हणजे रक्ताने माखलेला, हेही तुम्हीच सांगितलंत. मिरचीवरचा पिवळा थ्रिप्स वेगळा. त्याचंही नाव हूडनेच, त्याच वर्षी ठेवलं. जगात थ्रिप्सच्या सहा हजारांवर जाती, आणि आमच्या साहेबांना एकीतच भागवायचं होतं.

पण सर, हे पत्र त्या नावासाठी नाही. तुम्ही किडा बसवलेल्या दोन काचपट्ट्या केल्यात आणि एक आम्हाला दिलीत. तिच्या लेबलवर तुमच्या बारीक अक्षरात आहे: देशी बदाम, मखमलाबाद, तारीख. आणि खाली, संग्राहक म्हणून, आईचं पूर्ण नाव. माझं नाही, तुमचंही नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, सोसायटीच्या खात्यावर नाही. चाळीस वर्षं ती या बागेत राबतेय आणि तिचं नाव असलेला शेतीचा पहिला कागद बोटाच्या पेरापेक्षा मोठा नाही. चष्मा लावून तिने तो तीनदा वाचला. मी गोठ्याकडे निघून गेलो.

तुमच्याकडे विकायला बाटली नव्हती, म्हणून तुम्हाला पान बघायला वेळ होता, असं मी चारचौघांत म्हणतो. दुकानदाराला राग येतो. येऊ दे. पैसे विचारले तर तुम्ही बिनसाखरेचा चहा मागितलात, तोही अर्धाच.

आईने आता पेरूची पानं जमवलीत. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, पिशवीत पानाला घाम सुटतो असं तुम्ही तिला सांगितलं होतंत. तिच्या मते यातला एक पाहुणा नाही. कधी येता?

तुमचा,
मखमलाबादचा एक द्राक्षवाला