जिभेला किंमत कळते म्हणे!

माननीय संपादक,
सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा डोकं फिरलं. ‘महाग दारू जाणत्या जिभेला कळतेच’ म्हणे! फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेदेरिक ब्रोशे या संशोधकांनी व्हाइट वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून ५४ जणांना दिली. वाइनचंच शिक्षण घेणारे ते विद्यार्थी, तिचं वर्णन करू लागले रेड वाइनच्या शब्दांत. २००१ साली हे छापूनही आलं. आपल्या लेखकमहाशयांची जीभ त्याहून थोर असेल, तर आमचा नमस्कार.

आमच्याकडचंच सांगतो. भेट मिळालेली एक महागडी रेड वाइन मी १२ वर्षं जपली. कपाटावर, उभी, सगळे उन्हाळे तिथेच. जितकी जुनी तितकी भारी, हे ज्ञान असल्याच लेखांतून मिळवलेलं. (बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात आणि बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, हे मात्र कुणी छापत नाही.) लग्नाच्या वाढदिवशी ती उघडली. साडूंनी आधी किंमत विचारली, मग घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! काय मुरलीय!” पुतण्याला तिच्यात चेरीची चव सापडली. खोटं कशाला बोलू, मलाही काहीतरी सापडलंच. बायकोला तेवढी किंमत सांगायची राहिली होती. तिनं नुसता वास घेतला. “अहो, हे व्हिनेगर झालंय!”

साडूंवर मी कैक दिवस खार खाऊन होतो. पण २००८ साली छापून आलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एकच वाइन एकदा १० आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली, तर ९० ऐकल्यावर मेंदूतला सुखाचा भाग खरोखरच जास्त उजळला. म्हणजे साडू ढोंग करत नव्हते. किंमतच पीत होते बिचारे.

घसा सोलून काढणारी दारू आणि बरी दारू यांतला फरक कुणालाही कळतो, हे मान्य. पण त्यापुढचे पैसे कर, काच, खोका आणि पिंपात मुरण्यात गेलेल्या वर्षांचे. व्हिस्की तर बाटलीत मुरतच नाही, तरी लोक ती वर्षानुवर्षं जपतात.

जाता जाता : पेल्याच्या फोटोला अर्धं पान आणि मजकूर मुंगीच्या अक्षरांत, हे कुणाच्या सोयीसाठी? त्यात शब्दकोड्याचं उत्तरही या वेळी गायब. आडवा शब्द १४ अजून अडलाय.

आपला,
एक जुना वाचक